गावच्या पोलिसाकडे ठेवलेलं सोनं

माझे सासरे अडतीस वर्षं पोलीस खात्यात होते आणि फौजदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले असं मी म्हणते. त्यांना स्वतःला ते फारसं मान्य नव्हतं. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इथे, जर्मनीच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला आणलं, तर पहिल्या आठवड्यातच त्यांनी गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ केले आणि समोरच्या घरी वरचेवर येणारा पांढऱ्या व्हॅनवाला संशयास्पद आहे असं जाहीर केलं. तो प्लंबर होता.

आमचं गाव लहान आहे. गावाबाहेरच्या कुरणातून चालत निघालं की वीस मिनिटांत बेल्जियम लागतं, आणि लागलं हे कळतही नाही. कुरणात काँक्रीटचे सुळके मात्र अजून ओळीने उभे आहेत. पलीकडून येणारे रणगाडे अडवायला युद्धाच्या काळात पुरलेले. आता त्यांच्यामधून गाई चरतात. मी आठवड्यातून दोन दिवस बॉनच्या ऑफिसात जाते, बाकीचे दिवस घरून काम करते. नवरा सतत प्रवासात. मुलगी हायडेलबर्गला शिकायला गेली, तिची खोली बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मिळाली. आणि खाली तळमजल्यावर आमची घरमालकीण राहायची.

तिला आमच्या घरात सगळे ओमा म्हणत, म्हणजे आजी. मुलीने लहानपणी लावलेली सवय. वय सत्त्याऐंशी. बाबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली, "ओमा कसली? माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी ताई म्हणणार." ते ताई म्हणू लागले आणि ती त्यांना 'हेर कमिसार' म्हणू लागली, टीव्हीवरच्या तपासाच्या मालिकांत पोलीस अधिकाऱ्याला म्हणतात तसं. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण दुपारी साडेतीनची कॉफी रोज एकत्र व्हायची. मी लॅपटॉप बंद करून दुभाष्याचं काम करायची.

दुभाषी म्हणून मी अप्रामाणिक आहे, हे कबूल करून टाकते. बाबा विचारायचे, "हिचा नवरा कशाने गेला? प्यायचा का?" मी जर्मनमध्ये विचारायची, "तुमचे यजमान स्वभावाने कसे होते?" ओमा पाच मिनिटं प्रेमाने बोलायची आणि शेवटी म्हणायची, पण प्यायचा फार. बाबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्यांना उत्तर मिळालेलं असायचं.

सप्टेंबरात ओमा न्हाणीघरात पडली. महिन्याभरात दुसऱ्यांदा. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यातून परत आली ती काठी घेऊन, आणि तिच्या नवऱ्याच्या पुतण्याने विषय काढला की आता एकटीने राहणं बास. गावातच, चर्चच्या मागे वृद्धाश्रम आहे. आमच्या घरापासून चालत सात मिनिटं. तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि दोन आठवड्यांत होकार कळवायचा होता. अशी खोली मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात. ओमा म्हणाली, तिथे मी जाणार नाही. ऱ्हाइनच्या पलीकडे कुठेतरी पाठव, जिथे मला कोणी ओळखत नसेल.

पुतण्या चिडून निघून गेला. मग मी चिडले. "ओमा, तुमचा जन्म गेला ह्या गावात. इथे मी रोज येईन. तिकडे कोण येणार तुमच्याकडे? पुतण्या? ख्रिसमसला एकदा?"

तिने टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या केल्या. मग तिने सांगितलं. आठ वर्षं मी तिच्या डोक्यावर राहत होते, आणि ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

तिचे वडील ह्या गावचे पोलीस होते. एकटेच. लढाई हरत आली तेव्हा आघाडी सरकत सरकत गावापर्यंत पोहोचली. एकीकडून अमेरिकन सैन्य येत होतं, दुसरीकडून हिटलरच्या पक्षाची माणसं घरोघर फिरून देशासाठी सोनं द्या म्हणत होती, आणि गाव रिकामं करायचा हुकूम कधीही निघेल अशी स्थिती होती. लोकांनी आपलं किडुकमिडुक गुपचूप पोलिसाकडे नेऊन दिलं. लग्नातल्या अंगठ्या, साखळ्या, खिशातली घड्याळं. त्याने ते कुठेतरी लपवलं. हुकूम निघाला, गाव पांगलं. सैन्य आलं, गाव परतलं, आणि मग एक दिवस अमेरिकन शिपाई तिच्या वडिलांना जीपमध्ये बसवून घेऊन गेले. ते कैद्यांच्या छावणीतच वारले. ओमा तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती.

"सोनं कुठे गेलं?" मी विचारलं.

"आल्झो, तेच तर," ती म्हणाली; 'तर मग' अशा अर्थाचा तिचा नेहमीचा शब्द. "गाव म्हणतं, त्याने पचवलं."

आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. तिने एकदा नवा कोट घेतला तर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. पुढे तोंडावर कोणी बोलत नसे, पण ओमा खाटकाच्या दुकानात शिरली की बायकांचं बोलणं थांबायचं. त्या बायका, नाहीतर त्यांच्या बहिणी, आता चर्चच्या मागच्या आश्रमात राहत होत्या. जेवणाचं टेबल एकच.

"त्याने घेतलं नसेल तर मी त्या टेबलावर ताठ मानेने बसेन," ओमा म्हणाली. "घेतलं असेल तर त्यांच्यासमोर घास उतरणार नाही. पण मला माहीतच नाही ना. ऐंशी वर्षं झाली, मला माहीत नाही."

मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि बसले. बाबा दोघींकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, ह्यावेळी काहीही न गाळता. त्यांनी कप खाली ठेवला.

"पहिला प्रश्न विचार. सोनं कोणाचं होतं?"

"सांगितलं ना बाबा, गावकऱ्यांचं."

"ते ही म्हणते. त्या काळात ह्या देशात ज्यूंना घराबाहेर काढून त्यांच्या चीजवस्तू घेत होते, आणि घेणारे वर्दीतलेच होते. विचार तिला."

अशी गोष्ट सत्त्याऐंशी वर्षांच्या, नुकत्याच पडलेल्या बाईला विचारायची? मी शब्द शोधत होते तेवढ्यात ओमाच म्हणाली, "तो काय विचारतो ते तुझ्या चेहऱ्यावरून कळलं मला. गेनाऊ, अगदी बरोबर. रात्ररात्र मी स्वतःला तेच विचारलंय."

बाबांनी मान डोलावली. "आता दुसरा प्रश्न. पंचनामा कुठेय?"

पंचनाम्याला जर्मन शब्द मला सापडेना. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे पोलिसाने काहीही ताब्यात घेतलं तर दोन त्रयस्थ माणसांसमोर यादी करायची, सह्या घ्यायच्या. ओमा म्हणाली, असं काही नव्हतं. बाबांनी हात झटकला. "नव्हतं कसं? गावात एकटा पोलीस, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सोनं घेतो आणि कागद करत नाही? तो चोर असला तरी कागद करेल. सवय असते ती. आणि चौकीत ठेवणार नाही, कारण चौकी पहिली जाते."

हे घर तिच्या वडिलांचंच, तेव्हा पुढचे तीन दिवस इथेच तपास चालला. मला मीटिंगा होत्या, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं, आणि खाली जाऊन बघते तर जॅमच्या बरण्यांच्या फळीवर चिठ्ठी: 'तपासले', खाली सही, वेळ. बटाट्याच्या खोक्यावर चिठ्ठी. हीटरच्या मागे चिठ्ठी. ओमा काठी टेकत त्यांच्या मागे फिरत होती आणि खुशीत होती. एवढ्या वर्षांत तिच्या बापाचं प्रकरण कोणीतरी पहिल्यांदा मनावर घेतलं होतं. काही मिळालं नाही ते नाहीच.

चौथ्या दिवशी कॉफीच्या वेळी बाबा म्हणाले, "ताईंना विचार, घरात अशी कोणती वस्तू आहे की आईने तिला दुसऱ्या कोणाला कधी हातच लावू दिला नाही?"

"हे कशावरून सुचलं तुम्हाला?"

"एकदा दंगल झाली होती. चौकी जाळतील अशी भीती होती. पंचनाम्याची एक प्रत मी घरी आणून दत्ताच्या फोटोमागे सारली होती. तुझ्या सासूला एवढंच सांगितलं, फोटो तू एकटीने पुसायचा. तिने का म्हणून विचारलं नाही." त्यांनी कप बशीत फिरवला. "कधीच नाही विचारलं."

मी ते ओमाला सांगितलं. तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे काळ्या चौकटीत मेरीचं चित्र होतं, बाळ येशूला कडेवर घेतलेलं, धुराने पिवळं पडलेलं. आई दर शनिवारी ते स्वतः पुसायची. भिंती रंगवायच्या वेळी स्वतः काढायची, स्वतः लावायची. आई गेल्यावर ओमाने तोच नेम चालवला.

मी उठून स्टूल ओढलंसुद्धा. बाबा कडाडले, "थांब! पंच बोलाव."

"मी आहे ना!"

"तू घरातली. तू चालत नाहीस."

आता ह्या गावात पंच कुठून आणायचे? मी रागारागाने रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेले. समोरची बाई शाळेत शिक्षिका होती, ती आली, आणि तिच्याकडे नळाचं काम करत असलेला तो प्लंबरही हात पुसत आला. दोघांना मी दारातच समजावलं. मला वाटलं हसतील. पण कागद करायचा, साक्षीदार हवेत, सही लागेल, एवढं ऐकल्यावर दोघंही एकदम गंभीर झाले. जर्मन माणसाला ह्याहून जवळची गोष्ट दुसरी नाही.

बाबांनी बेसिनवर हात धुतले, चपला दाराशी काढल्या आणि चित्राला नमस्कार केला. प्लंबरने चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा गंजलेल्या बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता. त्याने पकडीने एकेक खिळा काढला. आत चार घड्या घातलेला एक कागद होता.

अक्षर जुन्या वळणाचं, माझ्या तर डोक्यावरून गेलं. शिक्षिकेला थोडं वाचता आलं, ओमाला त्याहून थोडं जास्त, कारण तिची आई असंच लिहायची. वर मथळा होता: ताब्यात घेतलेल्या वस्तू. खाली नावं, वस्तू आणि सह्या. नावं सगळी गावचीच होती, ओमाला एकूण एक घर माहीत होतं. दुसऱ्या कोणाचं लुटून आणलेलं नव्हतं, तेवढा एक काटा निघाला. पण तिचा चेहरा उतरला.

"आल्झो," ती हळू म्हणाली. "घेतलंच होतं त्याने. इथे लिहिलंय. परत दिल्याचा शब्द नाही."

शिक्षिका खाली बघू लागली. बाबा म्हणाले, "काय झालं? रडते का ती?" मी सांगितलं. त्यांनी कागद टेबलावर सरळ केला, खिशातून भिंग काढलं, जे ते पुण्याहून आठवणीने घेऊन आले होते, आणि एका शब्दाचाही अर्थ कळत नसताना वाचायला बसले.

"सह्या किती आहेत बघ प्रत्येक ओळीला. दोन. एकाच माणसाच्या. वस्तू देताना माणूस दोनदा सही कशाला करेल?"

त्यांनी भिंग घडीवर सरकवलं.

"पहिली काळ्या शाईची. ती घडीवर आली आहे तिथे शाईचा पापुद्रा उडालाय, म्हणजे सही आधी आणि घडी नंतर. आता ही दुसरी, निळी. घडीवर आल्यावर बघ, फुटली आहे, रेघेतून पसरली आहे. म्हणजे घडी आधी, सही नंतर. कागद बरेच दिवस खिशात राहिला, मग पुन्हा उघडला आणि पुन्हा सह्या घेतल्या. कशाच्या? दिल्याच्या काळ्या. मिळाल्याच्या निळ्या. असे कागद मी हजारो केलेत. हा पोलीस मुद्देमाल परत करून पावती घेतो आहे."

मी जर्मनमध्ये सांगितलं. प्लंबरने वाकून घडीवरची शाई बघितली आणि म्हणाला, "गेनाऊ. पसरली आहे." ओमाने भिंग घेतलं आणि एकेका निळ्या सहीवर धरत खालपर्यंत गेली. बेकरीवाली. लोहाराची विधवा. चर्चमध्ये घंटा वाजवणारा. सगळ्यांना आपापलं मिळालं होतं.

"मग बोलले का नाहीत?" ती म्हणाली. विचारत कोणालाच नव्हती.

ह्याचं उत्तर बाबांनीच दिलं, आणि ते मला अजून खरं वाटतं. "नवं सैन्य घरं तपासत असणार. सोनं कुठंय म्हणून दरडावत असणार. प्रत्येकाने पोलिसाकडे बोट दाखवलं. तो तर कैदेत, त्याला विचारणार कोण? पोरांनाही तेच सांगितलं, नाहीतर पोरं बोलून जातात. पुढे खरं सांगायचं म्हणजे आपलं खोटं कबूल करायचं. कोण करतो?"

त्याला नेलं ते ह्या बोटांमुळेच का, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. आणि त्या वर्दीत त्याने आणखी काय काय केलं असेल, तेही त्या कागदावर नव्हतं. ओमाच्या आईला कागदाचं माहीत होतं का? असेल तर गावाला न दाखवता ती त्याच गावाचे कपडे धूत राहिली. ह्या विचाराने मला रडू आलं, आणि शिक्षिकेने मला रुमाल दिला.

एक ओळ मात्र तशीच राहिली. एका अंगठीपुढे निळी सही नव्हती. ओमाने नाव वाचलं. त्या घरावर तोफगोळा पडला होता, मागे कोणी उरलं नाही. अंगठीचं काय झालं हे आता कोणालाच कळणार नव्हतं. बाबांनी पंचनामा लिहायला घेतला, मराठीत, सुरेख मोडणीच्या अक्षरात, आणि शेवटी लिहिलं: 'एका नोंदीचा खुलासा होत नाही.'

"अहो बाबा, ते राहू द्या ना," मी म्हणाले. "एवढं सगळं चांगलं निघालं त्यात."

"सोयीचं तेवढं लिहायचं तर पंचनामा करू कशाला?"

मी ओमाला विचारलं. ती म्हणाली, "लिहू दे त्याला. माझ्या वडिलांनीही ती जागा मोकळी ठेवलीच ना?" मी सगळा मजकूर जर्मनमध्ये वाचून दाखवला. शिक्षिकेने सही केली, प्लंबरने केली. बाबांनी त्याला सॅल्यूट ठोकला.

मला वाटलं होतं, आता ओमा तो कागद चर्चच्या दारावर लावेल. मी लावला असता. ती म्हणाली, कोणालाही दाखवायचा नाही. त्या बायका पोरी होत्या तेव्हा, त्यांनी काय केलं? "मला कळलं. पुरे झालं." आणि तिने पुतण्याला फोन करून चर्चच्या मागची खोली हवी म्हणून कळवलं.

नोव्हेंबरात आम्ही तिला पोहोचवायला गेलो. बाबांनी लग्नाकार्याचा कोट घातला होता. सामान लावून झालं तेव्हा कॉफीची वेळ झाली होती आणि टेबलाभोवती सातआठ जणी बसलेल्या होत्या. ओमा आत शिरली आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. ओमाने रिकामी खुर्ची बघितली, काठी टेकत तिथपर्यंत गेली आणि बसली. कॉफी वाढणारी मुलगी बाहेरगावची होती, नवी होती. तिने सहज विचारलं, "तुम्ही ह्याच गावच्या का? वडील काय करायचे?"

"पोलीस होते," ओमा म्हणाली. अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "ह्या गावचे पोलीस."

मग समोरची एक अगदी म्हातारी बाई, नव्वदीच्या पुढची, लोहाराच्या घरातली, आपल्या ताटलीकडे बघत म्हणाली, "हो. माझ्या आईची साखळी त्यांनी सांभाळली होती. परत आणून दिली. बर्फातून चालत आले होते."

म्हणजे हिला माहीत होतं. आजवर माहीत होतं. मला इतका संताप आला की मी पुढे झालेच होते. बाबांनी माझं मनगट धरलं.

ओमाने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "बर्फातून?" तिने विचारलं. "बूट होते का पायात? त्या हिवाळ्यात त्यांचे बूट फाटले होते."

"बूट आठवत नाहीत," ती बाई म्हणाली. "टोपी काढून दारात उभे होते. आईने आत या म्हटलं, तर म्हणाले, पोरगी घरी वाट बघतेय."

ओमाने खुर्ची तिच्या बाजूला ओढून घेतली. मग तिला आमची आठवण झाली. मागे वळून ती म्हणाली, "तुम्ही दोघं आता घरी जा. मला इथे वेळ लागेल."